घागर ठेवून गेलेली स्त्री

शास्त्रपाठ : योहान 4:1-42, रोमकरांस 16:1-7, 1 करिंथ 11:5 व 14:26-40



सूखार गावाबाहेर याकोबाची विहीर होती. भर दुपारची वेळ. प्रभू येशू प्रवासाने थकून तेथे बसला होता आणि शिष्य अन्न विकत घ्यावयास गावात गेले होते. ते परत येऊन पाहतात तो आपला गुरू एका स्त्रीशी बोलत आहे, तीही शोमरोनी. योहान लिहितो की, शिष्यांना आश्चर्य वाटले, तरी तिच्याशी का बोलतोस असे त्याला कोणी विचारले नाही. त्यांच्या ओठांवर आलेला तो प्रश्न तेथेच राहिला. मात्र तो विरून गेला नाही. आज एकोणीसशेहून अधिक वर्षांनी तो आपल्या मंडळ्यांत वेगळ्या शब्दांत विचारला जातो : देवाच्या वचनाविषयी स्त्रीने बोलावे काय?

आमच्या नल्लकुंट्यातही तो विचारला गेला. हैद्राबादच्या या भागात मराठी ख्रिस्ती कुटुंबे थोडी आहेत. कोणी मराठवाड्यातून आलेले, कोणाचे मूळ अहमदनगरकडचे, कोणी सोलापूरचे. रविवारी आपापल्या मंडळीत तेलुगू किंवा इंग्रजी उपासनेला जायचे आणि महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी मराठीत प्रार्थनासभा भरवायची, असा क्रम आहे. एकदा ठरलेले वक्ते आजारी पडले. तेव्हा कोणी सुचविले की, शब्बाथ शाळेत पुष्कळ वर्षे शिकविणाऱ्या आमच्या एका भगिनीने संदेश द्यावा. त्यावर एक वडीलधारे बंधू नम्रपणे म्हणाले, "मुलांना शिकविणे वेगळे. मोठ्यांच्या सभेत स्त्रीने शिकवू नये, असे पौलाने लिहून ठेवले आहे. आपण शास्त्राच्या बाहेर जाऊ नये." ते बंधू भांडखोर नाहीत. पवित्र शास्त्रावर त्यांचे खरे प्रेम आहे. त्या दिवशी वचन नुसतेच वाचले गेले, गीते गाइली गेली आणि सभा संपली. ती भगिनी काही बोलली नाही. तिने सर्वांना चहा दिला.

या बंधूंचे शेवटचे वाक्य आम्हांस पूर्णपणे मान्य आहे : आपण शास्त्राच्या बाहेर जाऊ नये. म्हणूनच शास्त्र काय म्हणते ते सगळे पाहिले पाहिजे. दोन वचने तोंडपाठ असावीत आणि बाकीची पाने चिकटलेली राहावीत, हे शास्त्राला मान देणे नव्हे.

प्रथम एक गोष्ट प्रामाणिकपणे कबूल करू या. स्त्रियांविषयी वाचताना अंगावर काटा यावा अशाही कथा पवित्र शास्त्रात आहेत. इफ्ताहाने अविचाराने नवस केला आणि त्याची किंमत त्याच्या एकुलत्या एका कन्येने दिली (शास्ते 11). गिबा येथे एका लेव्याने आपली उपपत्नी गुंडांच्या हाती दिली (शास्ते 19). शब्बाथ शाळेत या कथा आपण सहसा टाळतो. परंतु शास्त्रात एखादी गोष्ट लिहिली आहे म्हणून देवाने तिला संमती दिली असे होत नाही. शास्त्यांचे पुस्तक स्वतःच शेवटी सांगते की, त्या काळी इस्राएलात राजा नव्हता आणि जो तो आपल्या मनाला बरे दिसेल ते करी. वैद्याने रोगाचे वर्णन लिहिले म्हणजे त्याने रोगाची शिफारस केली असे कोणी म्हणत नाही. मनुष्याचे पाप शास्त्र झाकून ठेवीत नाही. पुरुषाने स्त्रीवर केलेले पापही ते झाकीत नाही.

त्याच जुन्या करारात दुसरेही पुष्कळ आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात नर व नारी अशी दोघेही देवाच्या प्रतिरूपाची निर्माण झाली. दुसऱ्या अध्यायात स्त्रीला साहाय्यक म्हटले आहे. या शब्दावरून तिला हाताखालची ठरविणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी : मूळ इब्री भाषेतला तोच शब्द स्तोत्रकर्ता देवाविषयी वापरतो. डोंगरांकडे डोळे लावून आपले साहाय्य परमेश्वरापासून येते असे तो म्हणतो (स्तोत्र 121), तेथेही तोच शब्द आहे. मग साहाय्य करणारा कनिष्ठ कसा? पुढे दबोरा इस्राएलाचा न्याय करते. योशीया राजाच्या काळी मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला, तेव्हा महायाजक हिल्किया स्वतः, राजाच्या इतर माणसांना बरोबर घेऊन, त्याविषयी परमेश्वराला विचारण्यासाठी हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे गेला (2 राजे 22). सलाफहादाच्या पाच कन्या मोशे, याजक आणि सरदार यांच्यासमोर सर्व मंडळीदेखत उभ्या राहिल्या आणि बापाच्या वतनात वाटा मागू लागल्या. त्यांचे म्हणणे यथार्थ आहे, असा निर्णय परमेश्वराने दिला (गणना 27). आपल्या देशात त्रावणकोरच्या ख्रिस्ती कन्यांना बापाच्या मिळकतीत पुत्रांइतका वाटा आहे हे सर्वोच्च न्यायालयाकडून ऐकण्यासाठी 1986 साल उजाडावे लागले. मेरी रॉय नावाच्या एका ख्रिस्ती स्त्रीला त्यासाठी न्यायालयात जावे लागले होते. गणनेचे पुस्तक मात्र आपल्या घरात आधीपासून होते.

आता प्रभूकडे वळू. मार्था स्वयंपाकघरात आणि मरीया प्रभूच्या पायांशी, हे चित्र आपल्या परिचयाचे आहे. गुरूच्या पायांशी बसणे याचा त्या काळचा अर्थ शिष्य होणे असा होता. पौलानेही आपण गमलिएलाच्या पायांशी शिकलो असे सांगितले आहे. मरीयेने निवडलेला तो वाटा तिच्यापासून काढून घेतला जाणार नाही, असे प्रभूने स्पष्ट सांगितले. अठरा वर्षे कंबरेतून वाकलेल्या स्त्रीला त्याने सभास्थानात सर्वांसमोर बोलाविले, सरळ उभे केले आणि तिला अब्राहामाची कन्या म्हटले. मग्दालीया मरीया, खूजाची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रिया त्याच्याबरोबर गावोगावी फिरत होत्या आणि आपल्या पैशाअडक्याने सेवा करीत होत्या (लूक 8). वधस्तंभाजवळ त्या थांबल्या. पुनरुत्थानाची पहिली वार्ता त्यांच्याच हाती देण्यात आली. आणि त्यांनी ती प्रेषितांना सांगितली तेव्हा काय झाले? ती बडबड वाटली, असे लूक लिहितो. प्रभू उठला आहे हा मंडळीच्या इतिहासातला पहिला संदेश स्त्रियांनी दिला, आणि पुरुषांनी प्रथम तो ऐकला नाही. आपल्या विश्वासाचा पाया ज्या साक्षीवर आहे तिचा हा आरंभ आहे.

मग पौलाचे काय? येथे सावकाश वाचले पाहिजे.

करिंथ येथील मंडळीत उपासनेचा गोंधळ उडाला होता. सगळे एकदम बोलत. 1 करिंथच्या चौदाव्या अध्यायात पौल तीन प्रकारच्या लोकांना गप्प राहण्यास सांगतो. अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याने गप्प राहावे (वचन 28). दुसऱ्याला प्रकटीकरण झाले तर आधी बोलणाऱ्याने गप्प राहावे (वचन 30). आणि स्त्रियांनी गप्प राहावे (वचन 34). मूळ ग्रीक भाषेत तिन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. पहिल्या दोन आज्ञा त्या वेळेपुरत्या, सुव्यवस्थेसाठी आहेत, असे आपण सर्वजण मानतो. संदेश देणाऱ्या पुरुषाने जन्मभर मुके राहावे असा अर्थ कोणी काढीत नाही. मग तिसऱ्याच आज्ञेला जन्माची शिक्षा का करावी? लगेच पुढच्या वचनात पौल कारण देतो : त्यांना काही शिकून घ्यावयाचे असेल तर त्यांनी घरी पतीला विचारावे. म्हणजे सभेत मध्येच प्रश्न विचारण्याची ती गोष्ट दिसते. आणि मुख्य मुद्दा असा की, याच पत्रात तीन अध्याय आधी (11:5) स्त्रीने प्रार्थना करताना व संदेश देताना मस्तक कसे ठेवावे, हे पौल सांगतो. ज्याने तिचे तोंड कायमचे बंद केले असते, त्याने ती संदेश देत असताना पदर कोठे असावा याची चर्चा कशाला केली असती?

तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय अधिक कठीण आहे. त्याच्या अर्थाविषयी देवभीरू विद्वानांतही मतभेद आहेत, ते आम्ही लपवीत नाही. पण तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या. हे पत्र इफिस येथे खोटे शिक्षण पसरत असताना लिहिले गेले. पहिल्याच अध्यायात तसे सांगितले आहे. दुसरे, स्त्रीने शिकावे, अशी तेथे आज्ञा आहे. शांतपणे शिकावे या शब्दांतल्या "शांतपणे" वर आपण इतका जोर देतो की "शिकावे" हा शब्द ऐकूच येत नाही. तिसरे, अधिकार गाजविणे यासाठी तेथे वापरलेला ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात दुसरीकडे कोठेही आलेला नाही. एका कठीण वचनाचा अर्थ अनेक स्पष्ट वचनांच्या उजेडात लावावा, हा शास्त्राभ्यासाचा जुना नियम आहे. आपण उलटे करू लागलो, तर एका वचनाची सावली सगळ्या शास्त्रावर पडेल.

आणि स्पष्ट वचने पुष्कळ आहेत. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायाला नुसती नावांची यादी समजून आपण तो सोडून देतो. त्यात पहिले नाव किंख्रिया येथील मंडळीची सेविका फीबी हिचे आहे. तिच्यासाठी वापरलेला ग्रीक शब्द पौल स्वतःसाठी व अपुल्लोसाठीही वापरतो (1 करिंथ 3:5). ते महान पत्र रोमला तिच्याच हाती गेले असावे, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. त्यानंतर प्रिस्का व अक्विला. येथे पत्नीचे नाव आधी आहे. वक्तृत्वात प्रवीण असलेल्या अपुल्लोला या दोघांनी आपल्याकडे नेऊन देवाचा मार्ग अधिक बरोबर समजावून दिला (प्रे. कृत्ये 18:26). म्हणजे एका प्रसिद्ध प्रचारकाच्या शिक्षकांपैकी एक स्त्री होती. मग युनिया. पौल म्हणतो की ती प्रेषितांमध्ये नामांकित होती. चवथ्या शतकातील थोर उपदेशक योहान ख्रिसोस्तोम याने स्त्री म्हणून तिची स्तुती केली. पुढच्या काळातील काहींना मात्र स्त्री अशी कशी असेल असे वाटले, आणि त्यांनी ते नावच पुरुषाचे मानले. वचन आपल्या समजुतीत बसेना म्हणून नाव बदलावयाचे, हेही शास्त्राच्या बाहेर जाणेच होय.

प्रिय वाचकहो, हा प्रश्न आपणां मराठी ख्रिस्ती लोकांच्या तर फार जवळचा आहे. पंडिता रमाबाईंची आठवण येथे होणे अपरिहार्य आहे. त्यांचा जन्म 1858 मधला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले, म्हणून त्यांना पंडितांपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्राचे आधार काढून तो दिला. म्हणजे स्त्रीने धर्मज्ञान मिळवावे की नाही, हा वाद रमाबाईंनी आईच्या कुशीत असतानाच ऐकला होता. पुढे त्या इंग्लंडात गेल्या. लंडनमधील फुलहॅम येथे ख्रिस्ती भगिनी पतित ठरविलेल्या स्त्रियांची प्रेमाने सेवा करीत असलेल्या त्यांनी पाहिल्या. हे कोठून येते, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानाचा चवथा अध्याय, म्हणजे आपला आजचाच शास्त्रपाठ, वाचून दाखविला. शोमरोनी स्त्रीशी बोलणारा हा ख्रिस्तच जगाचा तारणारा असला पाहिजे, असे त्यांना जाणवले. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला. विहिरीवरचे ते संभाषण शिष्यांच्या भीतीने तेथेच थांबले असते तर?

पण लगेच पुढे काय घडले तेही ऐकावे. रमाबाई चेल्टनहॅम येथील मुलींच्या महाविद्यालयात होत्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असा विचार निघाला. हिंदुस्थानातील बिशपांनी त्याला हरकत घेतली. रमाबाईंनी लिहिले की, आपल्या आईने व आपण पुरुषांना शिकविण्यास आपल्या वडिलांनी किंवा पतीने कधी हरकत घेतली नाही, आणि येथील लोक मात्र घेतात याचे आपणांस नवल वाटते. बंधूंनो, हे नवल आपणांस टोचले पाहिजे. ज्या घरातून त्या आल्या त्या घराने दिलेला मोकळेपणा ख्रिस्ती लोकांनी काढून घ्यावा काय?

देवाने तो काढून घेऊ दिला नाही. 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले. पुढे दुष्काळाच्या वर्षांत केडगावच्या मुक्ती सदनात अनाथ मुली व विधवा यांची संख्या सुमारे दोन हजारांवर गेली. आपला हैद्राबादचा भागही या सेवेपासून दूर राहिला नाही. गुलबर्गा, आजचे कलबुर्गी, त्या वेळी निजामाच्या राज्यात होते, आणि तेथे रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांच्या पुढाकाराने शाळा निघाली. उतारवयाकडे झुकलेल्या रमाबाई इब्री व ग्रीक भाषा शिकल्या आणि खेड्यातल्या साध्या स्त्रीलाही कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळविण्यापासूनची कामे स्त्रिया करीत. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या आणि 1924 मध्ये संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्या बहुतेक उपासनामंदिरांत बायबल सोसायटीचे भाषांतर वाचले जाते, रमाबाईंचे नव्हे, हे खरे. तरी विचार करा. पहिल्या वचनापासून शेवटच्या वचनापर्यंत प्रत्येक शब्दाचा अर्थ ठरविणे, याहून मोठे शिकविणे कोणते? ते एका मराठी स्त्रीने केले. रेव्ह. ना. वा. टिळक 1919 मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांचे "ख्रिस्तायन" अपुरे होते. ज्या लक्ष्मीबाईंना लग्नानंतर अक्षरओळख झाली, त्यांनीच ते पुढे पुरे केले. या दोघींना आपण नावाजतो, त्यांच्या नावाने भाषणे करतो. आणि आपल्या घरच्या सभेत मात्र शब्बाथ शाळेच्या बाईंना म्हणतो, तुम्ही चहा द्या.

आपल्या शेजारच्या मंडळ्यांनीही या बाबतीत पाऊल टाकले आहे. दक्षिण भारताच्या संयुक्त मंडळीत 1976 मध्ये पहिल्या स्त्रीला पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि 2013 मध्ये रेव्ह. पुष्पा ललिता नंद्याळच्या बिशप झाल्या. नंद्याळ आमच्यापासून फार दूर नाही.

आता आपण काय करावे? मोठाल्या ठरावांची वाट पाहू नये. पाळक व वडील यांनी वाचनाची, प्रार्थनेची व संदेशाची पाळी लावताना भगिनींची नावे घालावी. ज्यांना देवाने शिकविण्याचे दान दिले आहे त्यांची घालावी. पुरुषाला जी कसोटी लावतो तीच त्यांना लावावी : वचनाचा अभ्यास, शुद्ध आचरण, मंडळीची उभारणी. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी शमशोनाइतकीच दबोरा शिकवावी आणि दाविदाबरोबर हुल्दाही. वर्गात मुलगा वचन वाचतो आणि मुलगी सतरंजी घालते असे होत असेल, तर पुढच्या रविवारी पाळी बदलावी. मुलाने सतरंजी घालावी. प्रभूने तर पाय धुतले. पतींनी घरच्या कौटुंबिक प्रार्थनेत पत्नीला वचनावर दोन शब्द बोलू द्यावे आणि ते मध्ये न तोडता ऐकावे. आणि भगिनींनो, एक शब्द तुम्हांसही. आम्हांला काय कळते, असे म्हणून मागे बसणे ही नेहमीच नम्रता असते असे नाही. फीबीने ते पत्र संकोचाने घरीच ठेवले असते, तर रोमला काय पोहोचले असते?

नल्लकुंटा या आमच्या वस्तीच्या नावाचा तेलुगूत अर्थ काळे तळे असा होतो. आज तळे नाही, नावच उरले आहे. एके काळी तेथे पाण्यासाठी स्त्रिया घागरी घेऊन येत असतील. शोमरोनी स्त्रीही घागर घेऊनच आली होती. समाजाने तिला दिलेले काम तेवढेच होते. योहान सांगतो की, प्रभूशी बोलणे झाल्यावर ती घागर तेथेच ठेवून गावात गेली आणि लोकांना, पुरुषांनाही, त्याच्याविषयी सांगू लागली. प्रभूने तिला मागे बोलाविले नाही. आधी घागर भरून घरी जा, असेही तो म्हणाला नाही. तिच्या साक्षीमुळे त्या गावातील पुष्कळ लोकांनी विश्वास ठेवला, आणि मग ते तिला म्हणाले की, आता आम्ही तुझ्या सांगण्यावरूनच नव्हे, तर स्वतः ऐकून विश्वास ठेवतो. उपदेशकाचे, मग तो पुरुष असो वा स्त्री, याहून मोठे यश नाही : ऐकणाऱ्याने त्याला मागे टाकून प्रभूपर्यंत जावे. तेथे पोहोचल्यावर, मला येथवर आणणारा पुरुष होता की स्त्री, असा हिशेब सूखारचे लोक करीत बसले नाहीत. तारणारा भेटला, हे त्यांना पुरे होते.

प्रार्थना करू या : हे प्रभो, तू आपला आत्मा सर्व मनुष्यमात्रावर, पुत्रांवर आणि कन्यांवर, ओतण्याचे वचन दिलेस. तू ज्यांना बोलावतोस त्यांच्या वाटेत आम्ही उभे राहू नये असे कर. ज्यांची दाने आमच्या मंडळ्यांत झाकलेली राहिली आहेत त्यांना धैर्य दे, आणि आम्हांला ऐकणारे कान दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.